कोडासाठी बावचीचं तेल की ३११ नॅनोमीटरचे किरण?

बावचीच्या बियांतलं सोरालेन त्वचेला उन्हातल्या यूव्हीए (अतिनील) किरणांसाठी हळवं करतं. रंग परतला तर केसांच्या मुळांशी उरलेल्या रंगपेशींतून, म्हणून आधी तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसतात. डागावरचे केसच पांढरे असतील तर आशा कमी. खरी अडचण मात्रेची: प्रत्येक तेलात सोरालेन वेगळं, ऊनही रोज वेगळं. जरा जास्त झालं की दोन-तीन दिवसांत टचटचीत फोड, आणि कधी त्याच जागी नवा डाग.

नॅरोबँड यूव्हीबीला, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांना, सोरालेन लागतच नाही. आठवड्यातून २-३ वेळा, मोजून. हलकी गुलाबी छटा २४ तासांत विरावी एवढीच मात्रा. फेऱ्या मात्र महिनोन्‌महिने. तरी आमचा कौल यालाच. बावची तपासायचीच तर सोरालेन मोजलेलं तेल एका बाजूला, साधं तेल दुसऱ्या बाजूच्या तशाच डागावर. यूव्हीए दोन्हींना सारखं.