टक्सनच्या बाजारातला स्पायनोसॉरसचा दात: ५ पैकी ४ तारे

जानेवारी संपता संपता ॲरिझोनातल्या टक्सनला रत्नं, खनिजं आणि जीवाश्मांचा मोठा बाजार भरतो. मोटेलच्या खोल्यांतले पलंग हलवून तिथेच दुकानं मांडतात. मी पेशाने दंतवैद्य, त्यामुळे पाय आपसूक दातांच्या पेट्यांकडे. यंदा एका मोरोक्कन विक्रेत्याच्या तंबूतून स्पायनोसॉरस या मासेखाऊ डायनोसॉरचा दात घेतला. सहा सेंटिमीटर, भाव साठ डॉलर, घासाघीस करून ४५.

माल मोरोक्कोतल्या केम केम नावाच्या खडकांच्या थरांतला, साडेनऊ ते दहा कोटी वर्षांपूर्वीचा. आकार शंकूसारखा, इनॅमल तपकिरी, त्यावर उभ्या बारीक रेघा. कार्कारोडोन्टोसॉरस या मांसाहारी डायनोसॉरच्या दाताला असते तशी करवती धार याला नाही. याचं काम निसटता मासा धरून ठेवायचं. टोक झिजून गुळगुळीत झालंय. भिंगाखाली ती झीज बघतच राहिलो.

शेजारचं गिऱ्हाईक कुरकुरत होतं, 'याला मूळ कुठंय?' अहो, नाही तेच बरं! हे प्राणी जन्मभर दात बदलत. खालून नवा दात आला की जुन्याचं मूळ विरघळायचं, पोरांच्या दुधाच्या दातांचं होतं तसंच. गळायचा तो नुसता क्राउन, म्हणजे दाताचा हिरडीवरचा भाग. स्वस्तातल्या लांबलचक मुळात बऱ्याचदा वाळू आणि गोंदच असतो.

पलीकडच्या तंबूत असाच एक दहा सेंटिमीटरचा 'अखंड' दात होता, ८० डॉलरला. अतिनील टॉर्च मारला तर क्राउनच्या मधोमध गोंदाची निळसर पट्टी चमकली, आणि तिच्या वरच्या रेघा खालच्या रेघांशी जुळेनात. दोन दातांचा एक केलेला. जोडकाम आम्हीही करतो हो, पण बिलावर तसं लिहितो.

माझ्या विक्रेत्याने मात्र 'इथे तडा होता, चिकटवलाय' असं न विचारता दाखवलं. त्याचे पूर्ण गुण.

एक तारा कापला तो चिठ्ठीसाठी. तिच्यावर थेट 'स्पायनोसॉरस इजिप्टिॲकस' लिहिलंय. ही जात जर्मन जीवाश्मतज्ज्ञ स्ट्रोमरने १९१५ साली इजिप्तमधल्या हाडांवरून ठरवली, आणि ती हाडं १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात म्युनिकमध्ये नष्ट झाली. सुट्या दातावरून 'स्पायनोसॉरिड', म्हणजे स्पायनोसॉरसच्या कुळातला कुणीतरी, एवढंच म्हणता येतं. त्याच थरांतले मगरींचे दातही याच नावाने खपवतात, तेव्हा रेघा नीट बघून घ्या.

आणि डबीत कापूस घालू देऊ नका. तड्यांत अडकलेले तंतू मी अजून चिमट्याने काढतोय.