ठाण्याहून नागपूर: दीड तासाचे उड्डाण, समृद्धी महामार्ग की रात्रीची गाडी?

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे 680 किलोमीटर असून वेळापत्रकात या उड्डाणाला साधारण दीड तास दिलेला असतो. हा सगळा हवेतला वेळ नव्हे. विमान मुंबईत जागेवरून हलल्यापासून नागपूरला जागेवर थांबेपर्यंतचा तो काळ असतो. ताशी 800 किलोमीटरच्या आसपास जाणारे जेट हे अंतर तासाच्या आत कापू शकेल, पण मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते आणि रांगेत थांबणे, वर चढणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे यांत उरलेला वेळ जातो.

ठाणेकराचा हिशेब मात्र घराच्या दारापासून सुरू व्हायला हवा. घोडबंदर रस्त्यावरून पहाटे साडेचारला निघाल्यास पूर्व द्रुतगती मार्ग आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने टर्मिनल दोन पाऊण तासात येते. संध्याकाळी सहाला त्याच रस्त्यावर दोन तास हाताशी ठेवावे लागतात. सामानाचे काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, म्हणून घाई करून वेळ वाचवण्याची सोय नाही. नागपूरचे सोनेगाव विमानतळ शहराला लागूनच आहे, ही मोठी जमेची बाजू. सगळे धरून पहाटेचा प्रवास दारापासून दारापर्यंत सव्वापाच ते साडेपाच तासांचा आणि संध्याकाळचा साडेसहा-सातचा होतो. त्यामुळे विमानाने जायचे असेल, तर मी पहाटेचेच तिकीट काढण्याचा सल्ला देईन.

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला, आणि आमणे हे भिवंडी तालुक्यातलेच गाव असल्याने ठाण्याला हा रस्ता जवळचा झाला. कागदावर आठ तास सांगितले जातात; परंतु माजिवडा, खारेगाव, मानकोलीची कोंडी आणि वाटेतले दोन थांबे धरले, तर दहा तास गृहीत धरणेच बरे. म्हणजे पहाटेच्या विमानाचा खरा फायदा साडेचार तासांचा आहे. चौघांचे कुटुंब आणि भरपूर सामान असेल, तर तो चार तिकिटांच्या खर्चापुढे फिका पडू शकतो. मात्र गाडी चालवणारी दोन माणसे नसतील, तर हा पर्याय मी सुचवणार नाही, कारण सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळ्यावर झापड कधी येते ते कळत नाही, आणि तापलेल्या काँक्रीटवर झिजलेले टायर दगा देतात. निघण्याच्या आदल्या दिवशी टायर आणि हवा तपासून घ्यावी.

रात्रीच्या रेल्वेगाडीला साधारण चौदा तास लागतात, पण त्यांतले सात-आठ झोपेचे असतात. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईसाठी मी खालचा बर्थच घेतो. विमानतळावर तिला टर्मिनलभर चालावे लागते, शिवाय सुरक्षा तपासणीत उभे राहताना तिचे गुडघे दुखतात. गाडीत ती मूगवड्यांची पिशवी आणि संत्र्याची पेटी बर्थखाली सरकवून निवांत बसते; विमानात साध्या तिकिटावर बहुधा 15 किलोच सामान देता येते, तेव्हा पेटी घरीच ठेवावी लागते.

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या भागांत राहणाऱ्यांनी नवी मुंबई विमानतळाचाही विचार करावा. तेथून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आहेत. हवाई अंतरात जेमतेम पंधरा किलोमीटरचा फरक पडतो, पण नागपूरचे उड्डाण सोयीच्या वेळी मिळाल्यास जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरची कोंडी पूर्ण टळते.