कागद खरे, क्रमांक खरा, घड्याळ मात्र बनावट

ओमेगाचे सीमास्टर डायव्हर ३००एम हे ऑटोमॅटिक डाइव्ह वॉच वापरलेल्या स्थितीत घेण्यासाठी मी ऑनलाइन भेटलेल्या एका विक्रेत्याला एकूण ३,४५,३५० रुपये दिले आणि त्याने मला बनावट घड्याळ पाठवले. आगाऊ म्हणून २५,००० रुपये यूपीआयने, उरलेले ३,१७,५०० रुपये आरटीजीएसने आणि कुरिअरच्या विम्याचे म्हणून वेगळे २,८५० रुपये, असा हा हिशेब आहे. आकडा मी शेवटच्या रुपयापर्यंत लिहितो आहे, कारण असे काही घडले की माणसे रक्कम लपवतात, घरातसुद्धा अर्धीच सांगतात, आणि त्या लपवाछपवीवर या मंडळींचा धंदा बिनबोभाट चालू राहतो. मलाही हे लिहिताना लाज वाटते आहे. माझ्या काही नातेवाइकांना तर ही गोष्ट येथूनच कळेल.

‘एवढे स्वस्त मिळत होते तेव्हाच शंका यायला हवी होती,’ असे म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो की ते स्वस्त नव्हते. विक्रेत्याने ३,६५,००० रुपये सांगितले होते आणि बरीच घासाघीस होऊन सौदा ३,४२,५०० रुपयांवर ठरला. कागदपत्रे आणि खोक्यासह चांगल्या स्थितीतल्या जुन्या घड्याळासाठी लोक सर्रास मागतात त्याच्या आसपासचाच हा भाव होता. कोणी मला ते दीड लाखात देऊ केले असते तर मी त्याला उत्तरही दिले नसते, आणि हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते. तारकर्लीला स्कूबा शिकल्यापासून हे घड्याळ माझ्या मनात होते. निवृत्तीच्या पैशांतून एक वस्तू स्वतःसाठी घ्यावी असे वाटण्यात काही गैर आहे असे मला आजही वाटत नाही.

कागदपत्रांबाबत मी निष्काळजी होतो, असेही कोणी म्हणू नये. त्याने वॉरंटी कार्डाचे छायाचित्र पाठवले, दुबईतील दुकानाचे बिल पाठवले, आणि घड्याळाच्या लगच्या, म्हणजे पट्टा जोडतात त्या टोकाच्या, मागील बाजूस कोरलेल्या अनुक्रमांकाचा जवळून काढलेला फोटोही पाठवला. कार्डावरचा आणि घड्याळावरचा क्रमांक अंकाला अंक जुळत होता. या मॉडेलमध्ये ८८०० हे कॅलिबर, म्हणजे आतले यंत्र, असते आणि स्वित्झर्लंडच्या मेटास या सरकारी मापनशास्त्र संस्थेने ठरवलेल्या चाचण्यांतून, म्हणजे १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्रातूनसुद्धा, त्याला जावे लागते. त्या चाचण्यांचे निकाल क्रमांक टाकून पाहता येतात. मी ते पाहिले आणि निकाल आले. मग मनात शंका उरायला जागाच कुठे होती? क्रमांक खराच होता. तो जगात कुठल्या तरी दुसऱ्या खऱ्या घड्याळाचा होता आणि तोच उचलून बनावट घड्याळावर कोरला होता. एक खरा क्रमांक हाती आला की तो कितीही बनावट घड्याळांवर कोरता येतो. क्रमांक जुळला म्हणून घड्याळ खरे, हे समीकरण डोक्यातून काढून टाका.

जेथे मला सारे कळायला हवे होते तो क्षण व्हिडिओ कॉलवर आला. हा क्षण मी अजून विसरू शकलेलो नाही. मी त्याला खोलीतला दिवा बंद करून घड्याळ अंधारात दाखवायला सांगितले. सध्याच्या डायव्हर ३००एमवर तासांच्या खुणा अंधारात निळ्या चमकतात, पण मिनिटकाटा आणि बेझलवरचा, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावरचा, बारा वाजण्याच्या जागेचा ठिपका हे दोनच भाग हिरवे चमकतात. यामागे कारण आहे. डायव्हर पाण्यात उतरताना तो ठिपका मिनिटकाट्यासमोर आणून ठेवतो आणि पुढे खाली किती वेळ गेला हे त्या दोघांमधल्या अंतरावरून वाचतो, म्हणून काळोख्या पाण्यात ते दोन भाग इतरांपासून वेगळे ओळखू यावे लागतात. बेझल एकाच दिशेने फिरते तेही याच हिशेबाने: धक्का लागून ती सरकलीच तर गेलेला वेळ जास्त दिसेल, कमी कधीच नाही. हे सर्व मला तोंडपाठ होते आणि मित्रांना मी ते कौतुकाने सांगितलेही होते. त्या दिवशी माझ्या मोबाइलच्या पडद्यावर खुणा, दोन्ही काटे आणि बेझलवरचा ठिपका, सगळे एकाच निळ्या रंगात चमकत होते.

मी विचारले. “अहो, मिनिटकाटा हिरवा दिसायला हवा ना?” तो क्षणभरही अडखळला नाही. “साहेब, मोबाइलच्या कॅमेऱ्यात अंधारात रंग असाच येतो, हातात घेतल्यावर बघा,” असे म्हणून त्याने दिवा लावला आणि घड्याळ उलटे करून मागची काच दाखवू लागला. मोबाइलचा कॅमेरा अंधारात रंग बदलतो हे खरेच आहे, आणि म्हणूनच ते उत्तर मला पटले. पण जो कॅमेरा निळा आणि हिरवा यांचा घोटाळा करतो तो सगळ्याच भागांचा एकसारखा घोटाळा कसा करील, हा साधा प्रश्न मला फोन ठेवल्यावरही पडला नाही. फोटो खऱ्या घड्याळाचे होते आणि व्हिडिओवर बनावट घड्याळ होते. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले असते तर ३,१७,५०० रुपये वाचले असते, कारण तोपर्यंत केवळ आगाऊ रक्कमच गेलेली होती. कॉल करा तर तो रेकॉर्ड करा, आणि पैसे पाठवण्यापूर्वी शांतपणे पुन्हा पाहा.

आरटीजीएस करताना बँकेच्या ॲपवर खातेदाराचे नाव दिसले ते मोबाइलचे सुटे सामान विकणाऱ्या कुठल्याशा फर्मचे होते. भाच्याची फर्म आहे, मोठी रक्कम तिकडे घेतो, असे त्याने सांगितले. विकणाऱ्याचे नाव आणि खातेदाराचे नाव वेगळे असेल तर कोणतेही नाते ऐकून घेऊ नका, व्यवहार तेथेच थांबवा.

पार्सल आले तेव्हा मी ते उघडतानाचा सलग व्हिडिओ काढला. पुढे कुठल्याही कार्यालयाने त्याला किंमत दिली नाही, तरी तुम्ही काढाच. मात्र पार्सल फोडण्यापूर्वी वरची चिठ्ठी वाचा. माझ्या पार्सलवरच्या चिठ्ठीत वस्तूचे वर्णन ‘इमिटेशन ज्वेलरी’ असे होते, घोषित किंमत २,००० रुपये होती आणि विम्याचा रकाना कोरा होता. माझ्याकडून विम्याचे म्हणून घेतलेले २,८५० रुपये कुरिअरपर्यंत पोहोचलेच नव्हते. आतले खोके मात्र उत्तम होते, कार्ड होते, बिल होते, आणि घड्याळ हातात घेतल्यावर इतके जड आणि नेटके वाटले की पहिले काही दिवस मी ते आनंदाने मनगटावर मिरवले. त्या दिवसांची मला आता सर्वांत जास्त चीड येते.

रात्री मिनिटकाटा काही केल्या हिरवा दिसेना, तेव्हा मी पुण्यात लक्ष्मी रस्त्याजवळ अनेक वर्षे काम करणाऱ्या एका घड्याळजींकडे गेलो. त्यांनी घड्याळ आधी टाइमग्राफरवर ठेवले. हे यंत्र घड्याळाचे ठोके ऐकून वेग दाखवते. पडद्यावर २८,८०० हा आकडा आला. ८८०० कॅलिबरचा वेग ताशी २५,२०० ठोके असतो, म्हणजे सेकंदाला सात. माझ्या घड्याळातले यंत्र सेकंदाला आठ ठोके देत होते. घड्याळजी काही बोलले नाहीत. त्यांनी मागचे झाकण फिरवून काढले आणि चिमट्याने आतली नक्षीदार पट्टी उचलली, तर ती पूर्ण निघून आली. काचेतून दिसणारी ती लाटांची नक्षी आणि ती लाल अक्षरे एका पातळ पत्र्यावर होती आणि त्याखाली साधे, स्वस्त ऑटोमॅटिक यंत्र बसवलेले होते. दहाच्या आकड्याजवळचा हीलियम व्हॉल्व्ह नुसता शोभेचा निघाला. तो व्हॉल्व्ह हीलियममिश्रित हवेच्या दाबाखाली दिवसेंदिवस राहणाऱ्या व्यावसायिक डायव्हरसाठी असतो, माझ्यासारख्याला त्याचा उपयोग नाही हे मान्य. पण दाबाच्या कोरड्या चाचणीतही घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचे कवच, टिकली नाही हे प्रत्येक डायव्हरने लक्षात घ्यावे, कारण डायलवर ३०० मीटर लिहिलेले हे घड्याळ मी पाण्याखाली वेळ मोजण्यासाठी वापरणार होतो. घड्याळजींनी माझ्याकडून एक रुपयाही घेतला नाही आणि त्यांना आढळले ते सारे लिहून सही करून दिले. या प्रकरणात मला मिळालेली मदत म्हणायची तर ती एवढीच.

यानंतर जे सुरू झाले त्याने पैसे जाण्यापेक्षा अधिक मनस्ताप दिला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर पहिला प्रश्न आला, “ओटीपी कोणाला दिला होता का?” नाही म्हटल्यावर, मग फसवणूक कशी झाली हे समजावण्यातच वेळ गेला, कारण वस्तू मिळाली आहे पण ती बनावट आहे, हा प्रकार विचारणाऱ्याच्या साच्यात बसत नव्हता. तक्रार नोंदली गेली आणि त्या फर्मच्या खात्यात उरलेले ११,४२० रुपये गोठवले गेले. बाकीची रक्कम तोपर्यंत पुढे काढून घेतलेली होती. गोठवलेले पैसे परत मिळवायलाही न्यायालयाचा आदेश आणा, असे सांगण्यात आले. ही यंत्रणा पहिल्या काही तासांसाठी बांधलेली आहे, आणि बनावट वस्तूचा ठग नेमका या गोष्टीचा फायदा घेतो: तुम्ही मनगटावर घड्याळ बांधून खूश असता तेव्हा तो खाते रिकामे करत असतो. म्हणून वस्तू आली त्याच दिवशी ती जाणकाराकडून उघडून घ्या, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “काका, वस्तू तर मिळाली ना तुम्हाला? मग हा दिवाणी वाद झाला.” खऱ्या घड्याळाचे फोटो दाखवून, खोटे बिल देऊन, बनावट घड्याळ पाठवून पैसे घेणे हा दिवाणी वाद कसा? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये फसवून मालमत्ता देण्यास भाग पाडण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीसाठीच आहे. दुसऱ्या अधिकाऱ्यांनी, घड्याळ कंपनीने तक्रार द्यायला हवी, तुम्ही नाही, असे सांगितले. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम १०३ खालचा गुन्हा दखलपात्र आहे, फक्त त्यातील झडती आणि जप्तीसाठी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी आणि निबंधकांचे मत लागते, हे मी छापील कायदा पुढे ठेवून सांगितले. त्यावर, सायबर विभागाकडे जा. सायबर विभागात, खाते परराज्यातले आहे, आधी स्थानिक ठाण्याची पोच आणा. प्रत्येकाच्या टेबलावर माझ्या प्रकरणाचा एकेक तुकडा होता आणि पूर्ण प्रकरण पाहणे कोणाचेच काम नव्हते. अखेर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) चा उल्लेख करून मी वरिष्ठांना स्पीड पोस्टाने अर्ज पाठवला, तेव्हा गुन्हा नोंदला गेला. हे कलम पाठ करून ठेवा, आणि तोंडी नकार कधीही ऐकून परतू नका, तो लेखी मागा.

बँकेने एका ओळीत हात झटकले: रक्कम तुम्ही स्वतः पाठवली आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचे संरक्षण ग्राहकाच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांना होते आणि माझ्यासारख्या फसवून पाठवायला लावलेल्या माणसाला त्यात जागा नव्हती. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर निदान चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता. ‘कार्ड घेत नाही’ म्हणणाऱ्या विक्रेत्याने नेमके तेच टाळलेले असते. ज्या मंचावर जाहिरात होती त्याने, बोलणे आमच्या चॅटबाहेर झाले, असे उत्तर दिले. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. आम्ही केवळ जाहिराती दाखवतो, हे नियम आम्हाला लागू नाहीत, असे त्याने कळवले. विक्रेता चॅट सोडून फोनवर या म्हणतो तो याचसाठी. ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, ही सोय मोठी आहे, पण नोटीस पाठवलेला पत्ताच खोटा निघाला आणि लिफाफा परत आला.

काही हितचिंतकांनी, ते घड्याळ तूही पुढे विकून टाक, असा सल्ला दिला. बनावट आहे हे माहीत असताना विकणारा त्याच व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम १०४ मध्ये अडकतो, आणि अडकला नाही तरी मी दुसऱ्या कोणाच्या घरी हे दुखणे पाठवणार नाही. घड्याळ पंचनामा करून पोलिसांच्या ताब्यात दिले आहे; मुद्देमालाच्या पावतीवर क्रमांकासोबत ‘बनावट’ हा शब्द मी आग्रहाने लिहून घेतला.

गेल्या आठवड्यात तीच छायाचित्रे दुसऱ्या नावाने पुन्हा दिसली. निळी डायल, पोलादी पट्टा, वॉरंटी कार्डाचा उजवा कोपरा किंचित दुमडलेला आणि बकलवर तिरका ओरखडा. मागितलेली किंमत ३,५५,००० रुपये आहे. मी ती जाहिरात कळवली आहे, पण ती अजून हटलेली नाही. या छायाचित्रांवर कोणी पैसे दिले असतील तर त्यांनी आपल्या ठाण्यात तक्रार करताना पुण्यात याच प्रकारे गुन्हा नोंदलेला आहे हे लेखी नमूद करावे आणि खात्याचा तपशील, चॅट व पार्सलची चिठ्ठी जोडावी, म्हणजे तपास अधिकाऱ्यांना दोन्ही गुन्हे एकाच खातेदाराशी जोडता येतील.