तेल, पाणी आणि रक्त: 'रिचर्ड दुसरा' घ्यावं की 'मॅक्बेथ'?

राजा हा देवाचा प्रतिनिधी, त्याच्यावर हात उगारणं हा नुसता राजद्रोह नाही तर पाप. इंग्रजी रेनेसान्स शोकांतिकेने या कल्पनेचं काय केलं हे समजून घ्यायचंय, पण हाताशी वेळ एकाच नाटकापुरता आहे. प्रबंध असो, वाचनगट असो की अभिवाचन, निवड शेवटी शेक्सपिअरच्या दोन नाटकांपाशी येऊन अडते: 'रिचर्ड दुसरा' आणि 'मॅक्बेथ'. मार्लोच्या 'एडवर्ड दुसरा'मध्ये राजाचा पाडाव आहे, पण राजपदाच्या पावित्र्यावर तिथे फारसा भर नाही. 'किंग लिअर'मध्ये प्रश्न राजाचा उरतच नाही, उघड्यावर पडलेल्या माणसाचा होतो. म्हणून ही दोनच.

आमचं मत आधीच सांगतो. राजाचं पावित्र्य हा प्रश्न म्हणून तपासायचा असेल तर 'रिचर्ड दुसरा'. तेच पावित्र्य गृहीत धरून, ते मोडल्यावर जगाची घडी कशी विस्कटते हे पाहायचं असेल तर 'मॅक्बेथ'. विषयाच्या गाभ्याला 'रिचर्ड' जास्त भिडतं. 'मॅक्बेथ' घेणाऱ्याने मात्र एक ठरावीक प्रवेश कापू नये. तो कोणता, ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी थोडक्यात. उत्तरेकडचं १५६९चं बंड मोडल्यावर इंग्लंडच्या चर्चने बंडखोरीविरुद्धचं एक लांबलचक प्रवचन तयार केलं आणि ते चर्चमधून वाचलं जाऊ लागलं. राजा वाईट निघाला तरी बंड करू नये, तो देवाने पाठवलेली शिक्षा असतो, हा त्याचा सूर. वकिलांची मांडणी वेगळी होती: राजाला दोन देह असतात, एक मरणारा आणि एक न मरणारा, राज्यसंस्थेचा. तिसरी मांडणी जेम्सची, तेव्हा स्कॉटलंडचा आणि पुढे इंग्लंडचाही राजा झालेल्या. १५९८च्या पुस्तकात त्याने लिहिलं की राजा फक्त देवाला उत्तरदायी आहे, आणि जुलमी राजाविरुद्धही प्रजेला शस्त्र उचलता येत नाही. तिन्ही एकाच 'दैवी अधिकारा'च्या पोत्यात भरणं ही प्रबंधांत नेहमी दिसणारी चूक. 'रिचर्ड' वाचताना पहिल्या दोन लागतात, 'मॅक्बेथ'ला तिसरी.

'रिचर्ड'ची सुरुवात समजत नाही, अशी तक्रार बहुतेक गटांत होते. कारण साधं आहे. नाटक उघडतं तेव्हा खून होऊन गेलेला असतो. रिचर्डचा काका, ग्लॉस्टरचा ड्यूक थॉमस, १३९७मध्ये कॅलेला मारला गेला. रिचर्डचा चुलतभाऊ बोलिंगब्रोक त्याचा आळ मोब्रे या सरदारावर घेतो आणि खरा रोख राजावर आहे हे दरबारात सगळ्यांना ठाऊक असतं. हे प्रेक्षकाला कळतं ते पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात. तो जेमतेम पाऊणशे ओळींचा असल्याने संपादनात सर्वांत आधी उडतो. उडवू नका. ग्लॉस्टरची विधवा आपल्या दिराकडे, बोलिंगब्रोकच्या वडिलांकडे म्हणजे गॉन्टकडे, सूड मागते. गॉन्ट म्हणतो, हे भांडण देवाचं आहे. ज्याने हा मृत्यू घडवला तो देवाचा अभिषिक्त प्रतिनिधी, त्याच्यावर माझा हात उठणार नाही. ती विचारते, मग मी गाऱ्हाणं न्यायचं कुठे? उत्तर येतं, देवाकडे. राजा पवित्र आहे हे तत्त्व या नाटकात पहिल्यांदा स्पष्ट उच्चारलं जातं ते त्याच राजाने विधवा केलेल्या बाईसमोर. पवित्र आणि नैतिक या दोन गोष्टींत इथेच फट पडते आणि नाटकभर ती रुंदावत जाते.

दुसऱ्या अंकात गॉन्ट मरतो आणि रिचर्ड त्याची मालमत्ता जप्त करतो. तेव्हा त्याचा आणखी एक काका, यॉर्क, त्याला जे सुनावतो त्यावर प्रबंधातलं एक प्रकरण सहज उभं राहतं. मुलाचा वारसा हिरावलास, तर तू स्वतः राजा झालास तो कशाच्या जोरावर? वारशाच्याच ना? राजाचं पावित्र्य आकाशातून पडत नाही, जमिनीच्या वारसाहक्काच्या कायद्यातून येतं, आणि रिचर्ड स्वतःच बसलेली फांदी तोडतोय.

तिसऱ्या अंकात आकडे बघा. रिचर्ड आयर्लंडहून परततो आणि म्हणतो की खवळलेल्या समुद्राचं सगळं पाणीही अभिषिक्त राजाच्या अंगचं तेल धुऊ शकणार नाही. लगेच त्याच्या बाजूचा सरदार सॅलिस्बरी सांगतो की एक दिवस उशीर झाला, बारा हजार वेल्श सैनिक पांगले. रिचर्डच्या तोंडी तोच आकडा वीस हजार होतो, आणि तो स्वतःला धीर देतो की राजाचं नावच वीस हजार नावांच्या तोडीचं नाही का? ही संपादनातली चूक समजून आकडे जुळवून घेऊ नयेत. सैन्य हातचं गेलं की नावाची किंमत वाढवावी लागते, हे त्यात दिसतं.

चौथ्या अंकातला पदत्यागाचा प्रवेश, जिथे रिचर्ड बोलिंगब्रोकसाठी गादी सोडतो, हा या विषयावरचा सर्वांत दाट मजकूर. राज्याभिषेक उलटा करायचा विधी चर्चकडे नाही. मग तो करणार कोण? 'देव राजाचं रक्षण करो' असं रिचर्डच म्हणतो, 'आमेन' कोणी म्हणत नाही, तेव्हा तो विचारतो, पुरोहितही मीच आणि त्याचा कारकूनही मीच का? मुकुटाची एक बाजू स्वतः धरून दुसरी बोलिंगब्रोकला धरायला लावतो. विहिरीवरच्या दोन बादल्यांसारखे आपण आहोत: रिकामी वर हवेत नाचते, भरलेली खाली, दिसत नाही. मग एकेक गोष्ट उतरवतो: अश्रूंनी अभिषेकाचं तेल, हातांनी मुकुट, जिभेने पवित्र पद. जे समुद्राला जमणार नव्हतं ते त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याला जमतं, कारण राजाला उतरवू शकेल असा एकच माणूस आहे, तो स्वतः. म्हणूनच सगळ्यांकडे बघता बघता तो म्हणतो की राजद्रोह्यांमध्ये मीही आहे.

हा भाग १५९७च्या पहिल्या क्वार्टोत, म्हणजे लहान आकाराच्या छापील आवृत्तीत, नाही, १५९८च्या दोन्ही आवृत्त्यांतही नाही. सुमारे १६० ओळी पहिल्यांदा छापल्या गेल्या १६०८मध्ये, एलिझाबेथ राणी जाऊन पाच वर्षं झाल्यावर. ७ फेब्रुवारी १६०१ रोजी अर्ल ऑफ एसेक्सच्या माणसांनी नेहमीच्या उत्पन्नावर ४० शिलिंग जादा मोजून रिचर्डच्या पदच्युतीचं नाटक ग्लोबमध्ये लावायला लावलं. ते हेच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दुसऱ्या दिवशी बंड झालं आणि फसलं. नटांची चौकशी झाली, शिक्षा झाली नाही. सेन्सॉरने कापलं, छापखान्याने सावधगिरी बाळगली की भाग नंतर लिहिला गेला, यावर एकमत नाही. प्रबंधात 'सेन्सॉरने कापलं' असं ठाम लिहू नये.

'मॅक्बेथ'कडे वळलं की अशी फट दिसत नाही, कारण ती बुजवलेली आहे. नाटकाची कथा जिच्यावरून घेतली त्या होलिनशेडच्या बखरीत, मॅक्बेथ ज्याचा खून करून गादी बळकावतो तो डंकन मवाळ, काहीसा ढिला राजा आहे, मॅक्बेथ पहिली दहा वर्षं चांगलं राज्य करतो, आणि त्याचा साथीदार सरदार बँको खुनात सामील आहे. नाटकात डंकन संतासारखा, मॅक्बेथची चांगली वर्षं गायब, बँको निर्दोष. १६०३पासून गादीवर असलेला जेम्स बँकोला आपला पूर्वज मानत होता, आणि नोव्हेंबर १६०५चा गनपावडर कट, जेम्ससह पार्लमेंट उडवून देण्याचा, ताजा होता. खून उघड झाल्यावर सरदार मॅक्डफ त्याला देवळाचं दार फोडण्याची उपमा देतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दिवसा अंधार पडतो, उंदीर धरणारं घुबड ससाण्याला मारतं, डंकनचे घोडे एकमेकांना खातात. इथे पवित्र आणि नैतिक एकजीव आहेत, आणि निसर्गही साक्ष देतो. 'रिचर्ड'मध्येही तारे पडतात, झाडं वाळतात, पण ते सांगतो एक वेल्श कप्तान, आणि त्या अफवेने सैन्य पांगतं.

पण 'मॅक्बेथ'मध्येही एक अडचण लपलेली आहे, ती चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात. सुमारे २४० ओळी, नाटकातला सर्वांत लांब प्रवेश, आणि कंटाळवाणा म्हणून सर्वांत जास्त कापला जाणारा. इंग्लंडमध्ये आश्रय घेतलेला डंकनचा मुलगा माल्कम मॅक्डफला पारखण्यासाठी स्वतःवर दुर्गुण लादून घेतो. मी कामांध आहे. मॅक्डफ म्हणतो, चालेल. मी लोभी आहे. तेही चालवून घेऊ. मग माल्कम राजाला शोभणाऱ्या बारा गुणांची यादी म्हणतो आणि यातला एकही माझ्यात नाही म्हणतो, तेव्हा मॅक्डफ फुटतो: राज्य सोडा, तू जगायच्याही लायकीचा नाहीस. त्यानंतर एक वैद्य सांगतो की बाहेर गंडमाळेचे रोगी राजाच्या स्पर्शाची वाट पाहताहेत. इंग्लंडचा राजा एडवर्ड त्यांच्या गळ्यात सोन्याचं नाणं अडकवतो, प्रार्थना म्हणतो, आणि ही शक्ती वारसांनाही देतो. एडवर्ड रंगमंचावर येतच नाही. त्याची गरज का पडली? मॅक्बेथही स्कोनला, स्कॉटलंडच्या राज्याभिषेकाच्या ठिकाणी, जाऊन रीतसर राजा झालेला आहे. जेम्सच्या स्वतःच्या सिद्धान्ताप्रमाणे त्याच्याविरुद्धही शस्त्र उचलता येत नाही. नाटक वाद घालत नाही. 'राजा' हा शब्द मागे सारून पुन्हा पुन्हा 'जुलमी' म्हणतं आणि मारणाऱ्या सैन्यामागे एका पवित्र राजाचा हात ठेवतं. हा प्रवेश कापला तर उरते एका खुन्याची गोष्ट.

व्यवहाराचं बोलायचं तर 'मॅक्बेथ' सुमारे २,१०० ओळींचं, शेक्सपिअरची सर्वांत छोटी शोकांतिका. 'रिचर्ड' सुमारे २,७५० ओळी आणि सगळं पद्य, बागेतला माळीसुद्धा पद्यात बोलतो. त्यामुळे नवख्या वाचकांचा आवाज एकसुरी होतो. 'मॅक्बेथ'चा पाठ एकच, १६२३च्या फोलिओतला, म्हणजे मोठ्या आकाराच्या नाट्यसंग्रहातला, आणि त्यातले चेटकिणींची देवी हेकटी हिचे भाग बहुधा नाटककार मिडलटनच्या हातचे, ते खुशाल काढा. 'रिचर्ड'मध्ये पाचव्या अंकातलं, नव्या राजाविरुद्ध कटात सापडलेल्या यॉर्कच्या मुलाचं, ऑमर्लचं प्रकरण विनोदी वाटतं म्हणून काढतात. पण तिथेच माफी मिळालेल्या मुलाची आई नव्या राजाला पृथ्वीवरचा देव म्हणते. तेल दुसऱ्याच्या अंगाला लागलं, भाषा तीच राहिली. मराठीत 'मॅक्बेथ'ला वाट आहे, परांजप्यांचं 'मानाजीराव' आणि शिरवाडकरांचं 'राजमुकुट'. वाचनासाठी ती जरूर घ्या, पण राजाच्या पावित्र्यावर लिहायचं तर मूळ पाठ समोर हवा, कारण देश बदलला की अभिषेकाचा अर्थही बदलतो.

तो शब्दच अडचणीचा. अभिषेक म्हटलं की मराठी वाचकासमोर पाणी येतं. रायगडावर १६७४मध्ये पवित्र नद्यांचंच पाणी होतं. इंग्लंडमध्ये ते तेल असतं, हातांना, छातीला आणि मस्तकाला लावलेलं. 'समुद्राने अभिषेक धुतला जात नाही' असं भाषांतर केलं तर पाण्याने पाणी धुण्याची गोष्ट होते आणि प्रतिमा मरते. 'अभिषेकाचं तेल' असंच म्हणा. मग दोन्ही नाटकं पाण्यावरून जोडता येतात: 'रिचर्ड'मध्ये तेलही धुतलं जात नाही आणि त्याला सोपवून देणाऱ्यांचं पापही, 'मॅक्बेथ'मध्ये न धुतलं जाणारं एकच उरतं, रक्त.

निवड तरीही होत नसेल तर एका बैठकीत दोन प्रवेश मोठ्याने वाचा: 'रिचर्ड'चा चौथा अंक आणि 'मॅक्बेथ'चा चौथ्या अंकातला तिसरा प्रवेश. मिळून सहाशेहून कमी ओळी, तासाभरात होतात. मग माल्कमची बारा गुणांची यादी कागदावर घेऊन रिचर्डला लावून बघा. न्याय, संयम, स्थैर्य यांत तो पहिल्या दोन अंकांतच नापास होतो. नम्रता तुरुंगात थोडी येते. शौर्य पदरात पडतं ते अगदी शेवटी, दोन मारेकऱ्यांना आडवं केल्यावर, आणि त्याची कबुली देतो तो त्याला मारणारा एक्स्टन.