‘दोन दिवसांत तुमचा स्वतःचा गेम’: नागपुरातल्या कार्यशाळेत आमचे पैसे कसे गेले

बारावीचे पेपर संपले की नागपुरात क्लासच्या जाहिरातींना ऊत येतो. मागच्या उन्हाळ्यात त्यात एक नवा प्रकार आला: गेम आणि व्हर्च्युअल वर्ल्ड बनवायला शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या ‘हँड्स-ऑन’ कार्यशाळा. त्यातल्या एकीला मी आणि माझी धाकटी बहीण दोघंही गेलो होतो. फी गेलीच, वर माझ्या नावावर कर्ज चढलं. यंदा तेच लोक नाव बदलून परत आले आहेत. सीताबर्डीपासून त्रिमूर्तीनगरपर्यंत फलक लागले आहेत, फोटोतला ट्रेनरसुद्धा तोच आहे. म्हणून जे झालं ते तपशिलात लिहितो.

मी एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे. घरांची थ्रीडी मॉडेलं करणं हे रोजचं काम, आणि घर बांधायच्या आधी घरमालकाला त्यात फिरवून आणता यावं ही माझी इच्छा. बहीण बीसीएला आहे. तिला गेमच करायचे आहेत आणि त्यासाठी ती रात्र-रात्र जागते.

जाहिरातीत होतं: अनुभव नको, कोडिंग नको, प्रत्येकाला व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी जग पाहायचं यंत्र), दुसऱ्या संध्याकाळी तुमचा गेम प्ले स्टोअरवर, शासनमान्य प्रमाणपत्र, आणि शेवटी, ‘आता पुण्या-बंगळुरूला जायची गरज नाही.’ हे शेवटचं वाक्य विदर्भातल्या माणसाला बरोबर लागतं. पोरांना नवीन काही शिकायचं तर घर सोडून पाठवावं लागतं, ही सल आपल्याकडे घरोघरी आहे. त्या लोकांनी याच सलीवर बोट ठेवलं.

वर्धा रोडवरच्या एका हॉटेलचा हॉल होता. माणशी 4,999 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि दारातच आणखी 1,500 रुपये ‘सॉफ्टवेअर लायसन्स किट’चे. हे किट म्हणजे एक पेनड्राइव्ह. त्यात युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर), ब्लेंडर (थ्रीडी मॉडेलं बनवायचं) आणि काही असेट, म्हणजे गेममध्ये वापरायची तयार चित्रं-मॉडेलं. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्लेंडर 2002 पासून मुक्त सॉफ्टवेअर आहे, कुणालाही फुकट मिळतं. युनिटीची पर्सनल आवृत्ती वर्षाची कमाई 2 लाख डॉलरच्या आत असेल तर मोफत आहे. अनरियल इंजिन हे युनिटीसारखंच दुसरं सॉफ्टवेअर, तेही फुकट उतरवता येतं. एका गेमची कमाई 10 लाख डॉलरच्या वर गेली तरच 5 टक्के रॉयल्टी लागते. गोडो हे तसंच तिसरं, ते तर पूर्णच मोफत, कमाई कितीही होवो. नवशिक्याला यातल्या कशाचंही लायसन्स विकत घ्यावं लागत नाही. कुणी त्याचे पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा.

जीएसटी घेतला, पण पावतीवर जीएसटी नंबर नव्हता. हा नंबर 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. पैसे मात्र एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर गेले.

पहिला अर्धा दिवस सॉफ्टवेअर बसवण्यात गेला. जाहिरातीतले लॅपटॉप तीन-चार जणांत एक असे होते. युनिटी आणि त्यावरचा अँड्रॉइडचा भाग मिळून कित्येक जीबी जागा लागते. ज्यांनी स्वतःचे जुने लॅपटॉप आणले होते त्यांचे तर सुरूच झाले नाहीत. जेवणानंतर एक तयार फोल्डर सगळ्यांना कॉपी करून दिलं. उघडलं की एक रस्ता, त्यावर गाडी, समोर खोके. आम्ही काय करायचं? गाडीचा रंग बदलायचा, वेगाच्या चौकटीतला आकडा 5 चा 20 करायचा, आणि स्क्रीनवर स्वतःचं नाव टाकायचं. बहिणीने स्क्रिप्ट, म्हणजे गेमच्या कोडची फाइल, उघडून विचारलं, “सर, गाडी पुढे जाते ती कोणत्या ओळीमुळे?” उत्तर आलं, “ताई, ते ॲडव्हान्समध्ये घेऊ.” थोड्या वेळाने तिने तीच ओळ शोधून काढली आणि मुद्दाम बिघडवली. कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या चौकटीत, लाल एरर आला. तो दुरुस्त कसा करायचा हे विचारल्यावर ट्रेनरने फोल्डर डिलीट केलं आणि पेनड्राइव्हवरून परत कॉपी करून दिलं. एका वाक्याचं शिकवणं झालं नाही. दोन दिवसांत मला सगळ्यात जास्त राग आला तो याच गोष्टीचा.

तो ‘प्रोजेक्ट’ त्यांचा नव्हताच. युनिटी लर्न या युनिटीच्याच मोफत संकेतस्थळावर ‘क्रिएट विथ कोड’ नावाचा कोर्स आहे. त्याच्या अगदी पहिल्या धड्यात हाच रस्ता, हीच गाडी, समोर हेच अडथळे. फरक एवढा की तिथे प्रत्येक ओळ का लिहायची ते समजावून सांगितलेलं आहे. ‘आमच्या स्टुडिओच्या आर्टिस्टांनी केलेली’ झाडं आणि घरं कुठली हेही फोल्डरमध्येच सापडलं. आत ‘लायसन्स’ नावाची एक छोटी टेक्स्ट फाइल तशीच राहून गेली होती. तिच्यात केनी या संकेतस्थळाचं नाव आणि सीसी झिरो परवाना. त्या परवान्याचा अर्थ असा की ही चित्रं कुणीही, कशासाठीही, फुकट वापरावीत. ती वापरण्यात काहीच गैर नाही. स्वतःची म्हणून पैसे लावून देणं ही फसवणूक आहे.

व्हीआर हेडसेट म्हणजे मोबाइल घालायचा प्लास्टिकचा डबा निघाला, तोही सगळ्या हॉलला मोजकेच. यात एक गोष्ट प्रत्येकाने तपासावी. डबा डोळ्यांना लावून डोकं वळवा, दृश्य वळेल. मग एक पाऊल पुढे टाका. चांगल्या हेडसेटमध्ये समोरची भिंत जवळ येते. मोबाइलच्या डब्यात काहीच होत नाही, कारण मोबाइलला डोकं वळलेलं कळतं, माणूस सरकलेला कळत नाही. माझ्यासारख्याला घरात फिरवायचं असेल तर सगळी मदार त्या एका पावलावर आहे. मी हे विचारलं तेव्हा ‘फुल व्हीआर पुढच्या लेव्हलला’ असं सांगून डबा शेजारच्याकडे गेला.

आता मुख्य डाव. सकाळी नोंदणीच्या वेळी सगळ्यांकडून जीमेल आयडी लिहून घेतले होते, दोनदा तपासून. दुसऱ्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिंक आली. दाबली तर खरंच प्ले स्टोअरचं पान, त्यावर आमचा गेम, ‘इन्स्टॉल’चं बटण. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कुणी आईला व्हिडिओ कॉल लावला, कुणी स्टेटस ठेवलं. घरी येऊन आईच्या फोनवर तो गेम शोधला तर सापडेना. लिंक पाठवली तरी उघडेना. बहिणीने तिच्या फोनवरचं पान नीट वाचलं तेव्हा वरच्या बाजूला ती अंतर्गत टेस्टर असल्याची ओळ दिसली. प्ले कन्सोल म्हणजे प्ले स्टोअरवर गेम चढवायची गूगलची जागा. तिच्यात ‘इंटर्नल टेस्टिंग’ नावाची सोय असते. गेम बाहेर काढण्याआधी आपल्याच 100 पर्यंत लोकांना तो पाहता यावा म्हणून. ज्यांचे ईमेल यादीत आहेत त्यांनाच तो दिसतो, जगाला नाही. जीमेल आयडी घेतले होते ते यासाठी.

आणि नियमच असा आहे की दोन दिवसांत नवख्या माणसाचा गेम त्याच्या स्वतःच्या नावावर प्ले स्टोअरवर येऊच शकत नाही. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या गेम चढवायच्या वैयक्तिक खात्यांना आधी सलग 14 दिवस क्लोज्ड टेस्ट, म्हणजे निवडक लोकांकडून गेमची चाचणी, करावी लागते. तिला सुरुवातीला 20 टेस्टर लागत, डिसेंबर 2024 पासून 12 लागतात. खात्याची फी 25 डॉलर, तीही एकदाच. आमचा गेम त्यांच्या खात्यावर, त्यांच्या पॅकेज नेमने (ॲपची स्टोअरवरची ओळख), त्यांच्या सहीच्या कीने (ॲप कुणाचं हे ठरवणारी डिजिटल किल्ली) चढवलेला होता. उद्या त्यात एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी आमच्या हातात काही नाही.

टाळ्या थांबायच्या आत पालकांना आत बोलावलं. एकेका टेबलाशी काउन्सेलर बसले. सहा महिन्यांचा ‘क्रिएटर प्रोग्राम’, 85,000 रुपये, नोकरीची हमी, आजच सही केली तर हप्ता बिनव्याजी. शेजारच्या टेबलावर काटोलकडचे एक काका होते, संत्र्याचा बगीचा असलेले. ते म्हणाले, “पोट्टं मार्गी लागते बाप्पा, अजून काय पाह्यजे.” त्यांच्याही फोनवर ओटीपी आला, माझ्याही. बहिणीला उत्पन्न नाही म्हणून कर्ज माझ्या पॅन आणि आधारवर झालं. क्लासला पैसे थेट एका वित्त कंपनीकडून गेले आणि मी त्या कंपनीचा कर्जदार झालो, हे मला कर्जाचे कागद मेलवर आले तेव्हा उलगडलं. ओटीपी मागताना ‘सीट ब्लॉक करायला’ असंच सांगितलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्याज, सगळे आकार आणि अटी लिहिलेलं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ करार होण्याआधी हातात पडलं पाहिजे. शिवाय डिजिटल कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडायला सुरुवातीची काही मुदत असते. आमच्या काउन्सेलरने ती मुदत सरेपर्यंत ‘दादा, बॅच सोमवारी सुरू’ असं रोज सांगितलं. ‘सोमवार’ पुढे सरकत राहिला. मग रेकॉर्ड केलेले काही व्हिडिओ आले, ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं केलं, आणि शेवटी ग्रुपच गेला. हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातो.

प्रमाणपत्रावर आयएसओ आणि एमएसएमईचं चिन्ह आहे. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, आणि एमएसएमईची म्हणजे उद्यम नोंदणी कुठल्याही छोट्या धंद्याला फुकट मिळते. तिचा अभ्यासक्रमाच्या दर्जाशी संबंध नाही. ‘शासनमान्य’ म्हणजे नेमका कोणता विभाग, ते लेखी मागा.

हे वाचून कुणी गेम शिकायचा नादच सोडू नये, हे मला कळकळीने सांगायचं आहे. खऱ्या अर्थाने हाताने करायला लावणारे कार्यक्रम असतात. ग्लोबल गेम जॅम 2009 पासून दरवर्षी होतो. जगभर ठिकठिकाणी लोक जमतात, ठरलेल्या मुदतीत कोऱ्या स्क्रीनपासून गेम उभा करतात, आणि तो अर्धवट राहिला तरी चालतो. जिथे शिकवणारा तुमच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो, एरर तुम्हालाच वाचायला लावतो आणि प्रोजेक्टचं फोल्डर तुमच्याच लॅपटॉपवर राहतं, तिथे पैसे द्यायला हरकत नाही. बहीण आता गोडोच्या मोफत दस्तऐवजांवरून शिकते. तिचा पहिला टूडी गेम इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या संकेतस्थळावर तिच्या स्वतःच्या खात्यावर आहे. तिथे चढवायला काहीही पैसे लागत नाहीत. गेम साधा आहे, पण त्यातली प्रत्येक ओळ तिला समजावून सांगता येते.

आम्ही काय केलं तेही सांगतो. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. वित्त कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, तिथेही गेलो. पावतीवर पत्ता परराज्यातला होता आणि ‘केस तिकडे करावी लागेल’ असं आम्हाला धमकावलं गेलं. ते खोटं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि मुदत 2 वर्षांची आहे. आमची तक्रार नागपूरच्या जिल्हा आयोगात आहे, निकाल अजून लागायचा आहे.

त्या हॉलमध्ये जे होते त्यांनी जाहिरातीचा फोटो, यूपीआयचा यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक), ‘लाइव्ह’ म्हणून आलेली लिंक आणि कर्जाचा मेल डिलीट करू नये, ग्रुप गेला असला तरी फोनमधलं चॅट एक्सपोर्ट करून ठेवावं. एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने त्याच कायद्याच्या कलम 35 खाली एकत्र तक्रार करता येते. काटोलचे काका आमच्यासोबत आहेत, आणखी काही पालक कागद जमवत आहेत.