एएफओ स्प्लिंट, चार पायांची काठी आणि कमरेचा पट्टा : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

घरात कोणाला अर्धांगवायू झालाय, हॉस्पिटलातून घरी आणलंय, फिजिओने चिठ्ठीवर 'एएफओ, क्वाड स्टिक' असं खरडून दिलंय आणि दुकानात नेमकं काय मागायचं ते कळत नाहीये, अशांसाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. लालबागच्या बाजूला राहते, आणि बरीच वर्षं मुलींच्या गोविंदा पथकाला थर लावायला शिकवत होते. तोल कसा सांभाळायचा, वजन कुठे टाकायचं, कोणी कुठे उभं राहायचं, या बाबतीत माझी मतं जरा ठाम आहेत. ती सोसून घ्या.

माझं थोडक्यात असं : रात्री झोपले तेव्हा धडधाकट, सकाळी उठायला गेले तर डावा हात-पाय माझं ऐकेना. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं. माझं रात्री कधी सुरू झालं ते कोणालाच सांगता येईना, म्हणून ते दिलं नाही. बीपी होतं, गोळी मनाला येईल तेव्हा घेत होते. असो. मेंदूच्या उजव्या बाजूला झालं म्हणून डावी बाजू गेली, बोलणं मात्र राहिलं. घरच्यांच्या मते ते जरा जास्तच राहिलं.

आता वस्तूंकडे येते.

एएफओ म्हणजे पोटरीपासून तळपायापर्यंत मागून जाणारा प्लास्टिकचा 'एल' आकाराचा साचा, वर पोटरीला आणि खाली घोट्याला पट्टे. हा लागतो कशाला? लुळ्या पायाचं पाऊल वर उचललं जात नाही, चवडा जमिनीला घासतो. मग माणूस तो पाय कमरेतून बाहेर गोल फिरवून पुढे टाकतो आणि चार पावलांत दमतो. स्प्लिंट पावलाला काटकोनात धरतो, म्हणून चवडा अडकत नाही. काम एवढंच. याने पायात ताकद येत नाही, आणि दुकानदार तसं सांगत असेल तर त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

मुलाने आधी ऑनलाइन तयार स्प्लिंट मागवला. कंपनीचं नाव घेत नाही. स्मॉल, मीडियम, लार्ज एवढीच मापं, आणि घोट्याच्या बाहेरच्या हाडावर अस्सा घासायचा की संध्याकाळी तिथे लालभडक गोल उमटलेला. त्यात गंमत अशी की मला त्या पायाला धड कळतही नव्हतं. मोजा काढल्यावर सुनेला दिसलं. स्प्लिंट काढल्यावर अर्ध्या तासातही लाली गेली नाही तर तो तसाच वापरायचा नाही, हे लक्षात ठेवा. शुगर असणाऱ्यांनी तर दुप्पट.

मग ऑर्थोटिस्टकडून, म्हणजे असे स्प्लिंट बनवून देणाऱ्या तज्ज्ञाकडून, पायाचं प्लास्टरने माप घेऊन करून घेतला. साधारण पाच हजार गेले. सरकारी सोय हवी असेल तर मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे कृत्रिम अवयव आणि स्प्लिंटचा विभाग आहे. मापाचा स्प्लिंट आणि तयार स्प्लिंट यांत जमीन-अस्मानाचा फरक. हाडावर प्लास्टिक जरा फुगीर ठेवलेलं असतं, तिथे घासत नाही. पुन्हा कुठे टोचलं तर गरम करून सारखा करून देतात. तयारचा आमचा माळ्यावर गेला.

तक्रारी? आहेत ना. आपल्या हवेत पाय घामाने भिजतो. गुडघ्याखालपर्यंत येणारा सुती मोजा रोज धुतलेला हवा, म्हणजे पावसाळ्यात मोज्यांची एक वेगळी दोरी. वेलक्रोत केस आणि धागे अडकून तो दिवाळीपर्यंत ढिला झाला. कोपऱ्यावरच्या चांभाराने नवा शिवून दिला, आणि कंपनीच्यापेक्षा बरा दिला. नुसता स्प्लिंट घालून लादीवर चालू नका, साबणावरून घसरावं तसं होतं. घरातही बूट हवाच. देवघरासमोर बूट घालून उभं राहायचं हे आमच्या ह्यांना पचायला वेळ लागला. मग घरातला एक जोड वेगळा केला आणि विषय मिटला.

चार पायांची काठी, म्हणजे चिठ्ठीवरची क्वाड स्टिक. ही धडधाकट हातात धरायची. माझ्या शेजारणी अजून सांगतात की ज्या बाजूला पाय लुळा त्या बाजूला काठी धर म्हणून. अहो, तो हात तरी चालतो का? उंची कशी घ्यायची : हात सरळ खाली सोडायचा, मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ. क्रम आधी काठी, मग लुळा पाय, मग चांगला पाय. जिन्यावर चढताना चांगला पाय पहिला, उतरताना लुळा पहिला. मुलींना थर चढायला-उतरायला शिकवताना मी हेच घोकून घ्यायचे, कुठला पाय आधी. त्यामुळे हे मला एका दिवसात आलं. इतरांनी भिंतीवर लिहून ठेवलं तरी चालेल.

आमच्या इमारतीचा जिना जुना, लाकडी, पायरी अरुंद. मोठ्या बुडाची काठी त्यावर मावतच नाही. तीन पाय पायरीवर आणि एक हवेत. लहान बुडाची घ्या. घेताना दुकानातल्या सपाट फरशीवर ठेवून वरून दाबून बघा, चारही पाय एकदम टेकले पाहिजेत. एक जरी डुगडुगला तर ती परत करा. खालची रबरी बुचं झिजतात, आधीच एक जोड जास्तीचा आणून ठेवा. बाकी काठीबद्दल तक्रार नाही, हजाराच्या आत चांगली येते.

तिसरी वस्तू चिठ्ठीवर नव्हती, आणि मी म्हणेन तीच सगळ्यात कामाची. कमरेला बांधायचा रुंद पट्टा, बाजूंना आणि मागे धरायला मुठी शिवलेला. फिजिओ त्याला गेट बेल्ट म्हणतात.

हॉस्पिटलातून आले तेव्हा घरात मला धरायला सगळेच पुढे. हे उजवा दंड धरायचे, मुलगा डावा हात खांद्यापासून ओढायचा, शेजारचे काका काखेत हात घालायचे. लुळ्या हाताचा खांदा म्हणजे सैल सांधा, हाताच्याच वजनाने तो खाली उतरतो. फिजिओने माझ्या खांद्याच्या हाडाखाली बोट ठेवून दाखवलं, बोटभर खाच पडली होती. त्या हाताला धरून उठवायचं म्हणजे सांधा आणखी ओढायचा. रात्र रात्र तो खांदा ठणकायचा आणि घरच्यांना वाटायचं की हे अर्धांगवायूचंच दुखणं.

पथकात थरांच्या भोवती एक कडं उभं असतं. त्यांचं काम वरच्याला धरणं नाही. नजर वर, हात वर, आणि वरची घसरली तर झेलायची. मध्येच कोणी मायेने पाय धरला की वरचीचा तोल गेलाच म्हणून समजा. नव्या मुलींना हे समजावता समजावता माझा घसा बसायचा. पट्टा आला तेव्हा मी घरच्यांचा सराव घेतला, अगदी शिट्टी तेवढी नव्हती. लुळ्या बाजूला उभं राहायचं, अर्धं पाऊल मागे. एक हात पट्ट्याच्या मुठीवर, पण ओढायचं नाही, नुसता ठेवायचा. दुसरा हात खांद्यापुढे, न लावता. मी डगमगले तर मला वर उचलायचं नाही, पट्टा आपल्याकडे घ्यायचा आणि खुर्ची मागे सरकवायची. माझे हे बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यात कधी सरावाला आले नव्हते. त्यांना पंधरवडा लागला. नात पहिल्याच दिवशी बरोबर उभी राहिली. तिला मात्र मुठीला हात लावू देत नव्हते, माझं वजन तिच्याने आवरायचं नाही.

पट्टा घेताना पाहा : गाऊनवरून बांधल्यावर दोन बोटं आत जातील एवढाच सैल हवा. बक्कल एका हाताने उघडणारं घ्या. आणि याने माणसाला खाटेवरून उचलायचं नसतं. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नका. सातशे रुपये. आता घरात चालताना मी तो बांधतच नाही, जिन्यावर आणि बाहेरच लागतो.

एक गोष्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही. मला डावीकडचं दिसत नव्हतं. म्हणजे डोळे ठीक, पण डावीकडे काही आहे हे डोक्यालाच सुचत नव्हतं. ताटातली उजवीकडची भाजी संपवून मी भाताला हात लावायचे आणि ओरडायचे की मला चटणी-कोशिंबीर का नाही वाढली. ती डावीकडे तशीच. यांना वाटलं मी रुसलेय. हॉस्पिटलातल्या थेरपिस्टने सांगितलं की डाव्या कडेला लाल खूण करा आणि ती दिसेपर्यंत मान वळवायला सांगा. नातीने सुनेच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि ताटाच्या डाव्या कडेला, आरशाच्या डाव्या कडेला, दाराच्या चौकटीला, पुस्तकाच्या पानाला लाल टिकल्या लावल्या. ताट धुतलं की टिकली जायची, मग नवी. "आजी, टिकली दिसली का?" हे घरातलं पालुपद झालं. आता ताटाला लागत नाही, रस्ता ओलांडताना मात्र अजून मुद्दाम मान वळवावी लागते.

श्रावणात मुली मला सरावाला न्यायला आल्या. तेव्हा खुर्ची मैदानाच्या डाव्या टोकाला मांडायला सांगितली, म्हणजे सगळं पथक माझ्या उजवीकडे. अख्खे थर दिसले. शिकवणारी आता दुसरी आहे, माझ्याच हाताखालची, चांगली आहे. तिसऱ्या थरावरच्या मुली गुडघे उशिरा सरळ करतात, तेवढं तिला सांगून आले.

घराचं काय झालं, हे विचारतातच लोक. पहिले महिने माझ्याशी कोणी भांडत नव्हतं. काहीही म्हटलं की "हो आई, हो आई". ह्यांनी आमटीत मीठ दुप्पट टाकलं तरी सगळे मुकाट जेवायचे, का तर बाबांना वाईट वाटेल. आणि मी उगाच रडायला लागेन याची सगळ्यांना धास्ती. मला रडू यायचं खरं, टीव्हीवरची जाहिरात बघूनसुद्धा. मेंदूला मार बसल्यावर तसं होतं, त्यात दुःख असतंच असं नाही, हे डॉक्टरांनी घरच्यांना बसवून सांगितलं तेव्हा कुठे त्यांची धास्ती गेली. जमिनीवर बसणं बंद झाल्याने घडीचं टेबल आलं. आता त्यावर मी एका हाताने भाज्या चिरते. लाकडी पाटाला खालून दोन स्टीलचे खिळे ठोकून घेतलेत, कांदा-बटाटा त्यात खोचायचा. पाटाखाली ओलं फडकं, म्हणजे सरकत नाही. विळी गेली ती गेलीच. कुकरचं झाकण एका हाताने लागत नाही, ते हे लावतात आणि शिट्ट्या चुकीच्या मोजतात, त्यावरून रोज वाजतं. सून म्हणते, आता घर पहिल्यासारखं वाटतं.

न घेतलेल्या बऱ्या अशा वस्तू : हातात दाबायचा स्पंजचा चेंडू. आधीच आवळलेली बोटं त्याने आणखी आवळतात, म्हणून आमच्या फिजिओने पहिल्याच दिवशी काढून घेतला. मालिशची मशीन. आणि कोणाच्या तरी गावचं तेल; त्याचा वास चांगला होता.

शेवटी बुटांचं. स्प्लिंट आत मावायला त्या पायाचा बूट एक नंबर मोठा लागतो, आतली गादी काढून. दुकानदार एकेक बूट देत नाही, दोन जोड घ्यावे लागतात. माझ्याकडे डावा सहा नंबर आणि उजवा सात नंबर, दोन्ही कोरे करकरीत, काळे, वेलक्रोचे पडून आहेत. म्हणजे पायाचं माप सहा आणि उजवी बाजू गेलेल्या बाईला ते जसेच्या तसे होतील. कोणी असेल तर सांगा, पैसे नकोत.