स्पायरोमीटर, आठ महिन्यांनंतर: मशीन चांगलं, पण तो ‘वंश’चा रकाना!

रबाळे एमआयडीसीतल्या कामगारांच्या तपासणी केंद्रात हा हातातला, टर्बाइनवाला (फुंकेने फिरणाऱ्या पात्याचा) स्पायरोमीटर, म्हणजे फुंकून फुप्फुसं तपासायचं मशीन, आठ महिने रोज चालतोय. मोजमाप चोख. अचूकता तपासायला तीन लिटर हवेची सिरिंज लावली की मुभा २.९१ ते ३.०९ची, हा ३.०३च्या वर जात नाही. पावसाळ्यात टर्बाइन ओल धरतं, पातं अडखळतं. रोज संध्याकाळी काढून सुकवा, पण नळाच्या धारेखाली धरू नका, पातं वाकतं. बॅटरी, ब्लूटूथ ठीक.

सगळं घोडं अडलंय एका रकान्यात. वय, उंची, लिंग आणि मग ‘वंश’. तिथे कंपनीने आधीच ‘कॉकेशियन’ भरून ठेवलंय. घाईत तसंच पुढे गेलं की अपेक्षित एफव्हीसी (पूर्ण श्वास भरून जोराने बाहेर फुंकलेली एकूण हवा, अपेक्षित आकडा मशीन या रकान्यांवरून समीकरणाने काढतं) ४.०० लिटर, कामगाराने फुंकले ३.१०, म्हणजे ७७.५ टक्के, ८०च्या रेघेखाली. रिपोर्टवर ‘रिस्ट्रिक्शन’ (फुप्फुस आकसलंय), भरती अडकली. ‘एशियन’ निवडा, अपेक्षित आकड्याला ०.९ने गुणलं जातं, ३.६० होतो. तीच फुंक आता ८६ टक्के, नॉर्मल! (टीएलसी, म्हणजे फुप्फुसात मावणारी एकूण हवा, मोजल्याशिवाय रिस्ट्रिक्शनचा शिक्का मुळात मारूच नये, ते वेगळंच.)

पहिले दोन महिने मत होतं की ०.९ लावा, विषय संपला. ते मत मागे. तुर्भ्याच्या दगडखाणीत राबलेल्याचं फुप्फुस सिलिकाच्या धुळीने खरंच आकसलं असेल, तर हाच गुणक ते झाकतो. दमा किंवा सीओपीडीत (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) हवेला अडथळा आहे की नाही, एवढं ठरवायला मात्र बिनधास्त वापरा. एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) आणि एफव्हीसी दोन्हींना तोच गुणक लागतो, अडथळा ज्यावरून ठरतो ते दोन्हींचं गुणोत्तर हलत नाही. आजाराची तीव्रता मात्र एफईव्ही-१च्या टक्क्यांवर ठरते, ती हलते.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्येच वंश न विचारणारी समीकरणं वापरा म्हणून सांगितलंय. या मशीनला तसं ‘जीएलआय ग्लोबल’ समीकरण हवं तर सॉफ्टवेअर अपडेट, आणि ते म्हणे एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) बसत नाही! समीकरण काय झिजणारा सुटा भाग आहे? चार फोन आणि एका लेखी तक्रारीनंतर कंपनीने अपडेट फुकट करून दिलं.

अपडेटनंतर ८० टक्क्यांची रेघ बंद करून एलएलएन (नॉर्मलची खालची मर्यादा) चालू करा, म्हणजे झेड-स्कोअर (सरासरीपासून किती दूर, ते सांगणारा आकडा) उणे १.६४५. जुने टक्के नव्या टक्क्यांशी ताडू नका, समीकरण बदललं की निरोगी माणूसही कागदावर घसरलेला किंवा सुधारलेला दिसतो. दरवर्षीची तुलना लिटरमध्येच करा.

मशीनला चार तारे, सर्व्हिसला एक. सिरिंज वेगळी घ्यावी लागते, बजेटमध्ये आधीच धरा.